बघणारा कुठून बघणार, उज्ज्वला?

उज्ज्वला, तू गेलीस त्या दिवशी दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली माणूस मावत नव्हतं. वाटूर लाइनच्या काळी-पिवळीवाल्यांनी भरल्या वेळेला धंदा सोडून जीपा रस्त्याच्या कडेला लावल्या होत्या आणि डोक्याचे रुमाल हातात घेऊन ते गुमान उभे होते. मी दारातून बघत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी मेले तर यातले निम्मे तरी येतील का? धाकट्या जावेचं मढं दारात आणि थोरल्या जावेच्या मनात हे! पण आलं खरं. तुझ्याशी आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

आत्याबाईंनी तुझ्या कपाळावर मळवट भरला. "भाग्याची गं माझी बाई, भरल्या कपाळानं चालली," असं म्हणत त्या तुझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या. हिरवी साडी, हिरवा चुडा, भरलेली ओटी. सगळ्या बाया एकेक करून तुझ्या पाया पडल्या. अहेव गेलेल्या बाईच्या पाया पडायचं असतं, तिथं थोरली-धाकटी बघत नाहीत. मीही पडले. म्हणजे जाता जातासुद्धा तू मला वाकवलंसच.

आणि आमचे हे! एवढ्या वर्षांच्या संसारात यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा "चल, गाडी लागलीय" एवढंच म्हणाले होते. ते तुझ्यासाठी लिंबाच्या बुंध्याला टेकून लेकरासारखे रडले. विलासभावजींचं मी समजू शकते, तुझा नवरा, त्यांना दोघांनी दोन्हीकडून धरलं होतं. पण यांचं काय? मला सांग, तुझ्यावर जळायचं नाही तर कुणावर जळायचं?

तू या घरात यायच्या आधी आमचं दुकान ब्रशचं होतं, हे तुला ठाऊक आहे, पण तू ते पाहिलेलं नाहीस. अंबड चौफुलीच्या अलीकडं, पुढं दुकान आणि मागं घर. हे ट्रकच्या फाळक्यावर मोर आणि कमळं काढायचे आणि अक्षरं मी भरायचे. पदर खोचून स्टुलावर चढले की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. बाई ट्रक रंगवते हे बघायला थांबायची आणि मग अक्षर बघत राहायची. "पेंटर, चित्र तुम्ही काढा, पण अक्षर वैनीच्याच हातचं पायजे," असं सांगून जाणारे ड्रायव्हर होते, उज्ज्वला. माझ्या वेलांटीच्या वळशासाठी माणसं गाडी एक दिवस जास्त ठेवायची.

मग बदनापूरहून तू आलीस. कॉम्प्युटरचा क्लास केलेली सून म्हणून आत्याबाईंनी हळदीच्या आधीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं. वर्षभरात दुकानात कॉम्प्युटर आला, कारण औरंगाबादला मोठी छपाई सुरू झाली होती. गाडीच्या अंगाएवढं चित्र तिथं स्टिकरवर छापून मिळायचं. आपण फक्त फाइल तयार करायची, सीडीवर घालून न्यायची, छापून आणायची आणि गाडीला चिकटवायची. ब्रशचे डबे मागच्या पडवीत गेले. डबे गेले त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण ड्रायव्हर दारात येऊन "वैनी हायेत का?" असं विचारायचे, ते आता "ताई हायेत का?" असं विचारायला लागले. वैनी म्हणजे मी. ताई म्हणजे तू.

हट्टानं मीही शिकले, आणि शिकले ती तुझ्याकडूनच. हे मला आजही गिळता येत नाही. तू कधी चिडली नाहीस, हे त्याहून वाईट. मी एकच गोष्ट दहादा विचारायची आणि तू दहाही वेळा पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगायचीस. एकदा तरी खेकसली असतीस तर मला किती बरं वाटलं असतं.

माझी पहिली फाइल आठवते का? बियाण्याच्या कंपनीची प्रचाराची गाडी होती. मी गाडीच्या कुशीवर शेतकऱ्याचा हसरा चेहरा असा मधोमध बसवला, की पडद्यावर बघून मीच माझ्यावर खूश झाले. छापून आलं, भावजींनी चिकटवलं, आणि ड्रायव्हरनं सरकतं दार उघडलं. शेतकऱ्याचं नाक गाडीला राहिलं आणि तोंड दाराबरोबर मागं गेलं! चौफुलीवरची सगळी माणसं हसली. यांनी तर पोट धरलं. तू एकटी हसली नाहीस. हसली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते आणि विषय संपला असता.

"अक्का, गाडी म्हंजे कागद न्हाई," तू म्हणालीस. "तिला दारं हायेत, कड्या हायेत, टाकीचं झाकण हाय. आन् बघणारा कुठून बघणार, ते आधी ठरवायचं. मंग चित्र."

बघणारा कुठून बघणार. हे तुझं पालुपद मी इतक्यांदा ऐकलं की स्वयंपाक करतानाही कानात वाजायचं. बसस्टँडवर उभा असलेला माणूस बघणार की मागच्या गाडीचा ड्रायव्हर? उन्हात बघणार की सावलीत? तू गाडीला रद्दी वर्तमानपत्रं चिकटवायचीस, त्यावर कडी, फट, झाकण, दिवा, सगळं पेन्सिलीनं उतरवून घ्यायचीस, आणि तो साचा कॉम्प्युटरमध्ये घेऊन त्याच्या खाली चित्र सरकवत बसायचीस. देवाचा डोळा कडीवर येऊ नये म्हणून अर्धा दिवस घालवायचीस. चारी बाजूंनी चार बोटं चित्र जादा ठेवायचीस, कारण कापणाऱ्याचा हात इकडंतिकडं होतो. अक्षरांची चित्रं करून टाकायचीस, नाहीतर आपल्याकडं नीट दिसणारी अक्षरं औरंगाबादच्या कॉम्प्युटरवर फुटून किडेमुंग्या होतात. आणि पडद्यावरचा लाल बघून भुलायचं नाही, छापताना तो विटकरी होतो. हे सगळं तू मला दिलंस. मी घेतलं, पण हात पसरून नाही, ओढून घेतल्यासारखं घेतलं.

अक्षरं मात्र माझीच ठेवलीस, हे कबूल करते. कोऱ्या कागदावर काळ्या शाईनं मला लिहायला लावायचीस आणि तो कागद मशीनमधून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचीस. "अक्का, हा तुमचा वळसा मला या जन्मी यायचा न्हाई," असं एकदा म्हणाली होतीस. तेव्हा दुकानात आपण दोघीच होतो. म्हणायचंच होतं तर चारचौघांत म्हणायचं होतंस! मी "हं" म्हटलं आणि चहा टाकायला उठले. चहा गाळताना मला रडू आलं होतं. ते तुला सांगायचं राहिलं, म्हणून आता सांगून ठेवते.

सीडी घेऊन औरंगाबादला जायचं ते तूच. येताना बदनापूरला उतरायचीस, आईच्या हातची भाकरी खायचीस आणि पुढच्या गाडीनं यायचीस. कामाच्या नावावर महिन्यातून दोनदा-तीनदा माहेर! माझं माहेर केदारखेड्याला, भोकरदनच्या अंगाला. तिकडं कोणती सीडी जाते? मी दिवाळीची वाट बघायची आणि तू छपाईची. तू डब्यात आईचा ठेचा आणायचीस. तो मी "मीठ जास्त झालंय" असं म्हणत खायचे आणि त्या दिवशी मला भाकरी एक जास्त लागायची. परवा तुझी आई आली होती. तिच्या पिशवीत तसाच डबा होता. तिनं तो कुणाला द्यावा ते तिला कळेना, म्हणून माझ्या हातात दिला. मी चुलीपुढं बसून कोरडाच खाल्ला. मीठ बराबर होतं.

तुला मूल झालं नाही, याचं लोकांना वाईट वाटायचं. मला त्याचाही हेवा वाटला, कारण त्यामुळं माझी दोन्ही लेकरं तुझी झाली. शाळेतून आली की दप्तरं फेकून "काकू, काकू" करत तुझ्या खुर्चीला लोंबकळायची. आई म्हणजे जेवायला वाढणारी आणि काकू म्हणजे बाकी सगळं. धाकटा तापानं फणफणला तेव्हा त्यानं तुला हाक मारली. मी उशाशी बसलेली असताना! तू आलीस, त्याच्या कपाळाला हात लावलास आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "अक्का, तुमाला बोलावून राह्यलाय तो." तो मला बोलवत नव्हता. तू खोटं बोललीस. इतकं गोड खोटं बोलणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं?

आणि आता दगडूदादाच्या गाडीचं निघू दे. दगडूदादा माझा चुलतभाऊ, माझ्या माहेरचा. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यानं मेंढरं कमी करून पिकअप घेतली, आणि गाडीच्या दोन्ही अंगांना घोड्यावर बसलेला खंडोबा हवा म्हणाला. मला वाटलं, हे काम तरी माझं, रक्ताचं माणूस आहे. तर तो ओट्यावर बसून मला म्हणतो, "बाई, राग नको मानू, पण देवाचं काम हाय. धाकल्या ताईच्या हातून होऊ दे." माझ्याच भावानं, माझ्याच ओट्यावर, माझ्या हातचा चहा पिऊन!

तू आतून म्हणालीस, "दादा, ह्यावेळी मी कामात हाय. अक्का करतील." तू कामात नव्हतीस, मला ठाऊक होतं. ती भीक मी घेतली आणि जिद्दीनं बसले. एका बाजूचा खंडोबा झाला. पांढरा घोडा, उजव्या हातात उगारलेली तलवार, मागं भंडाऱ्याचा पिवळा. दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशासारखं उलटवलं, म्हणजे घोडा दोन्ही अंगांना पुढंच पळेल. घोडा गाडीच्या मागं पळताना दिसला तर मालक गाडी घेत नाही, एवढं मलाही कळत होतं. सीडी करायची तेवढी राहिली होती. तू ओल्या हातांनी आलीस आणि पडद्यापुढं थांबलीस.

"अक्का, देवाची तलवार डाव्या हातात गेली."

मी बघितलं. गेली होती. घोडा सरळ केला तर हात उलटा, आणि हात सरळ ठेवला तर घोडा उलटा. दगडूदादाला लगेच कळलं नसतंही कदाचित. पण गाव केदारखेडा, मेंढरं राखणारी माणसं, देवाचा हात चुकलेला त्यांना पहिल्या चार दिवसांत दिसला असता. मी खुर्ची मागं ढकलली आणि म्हटलं, "कर मंग तूच. तुझंच खरं."

तू सरकीची भरलेली गोणी ओढून आणलीस आणि मला म्हणालीस, "बसा हिच्यावर. घोड्यावर बसल्यावाणी." हातात लाटणं दिलंस. मी पण कशी बाई, रागातच बसले, दोन्हीकडं पाय टाकून, लाटणं उगारून. तू आधी ह्या अंगाला उभी राहून बघितलंस, मग त्या अंगाला जाऊन बघितलंस, आणि तिथूनच कागदावर काढायला लागलीस. खांदा कसा दिसतो, कोपर कुठं येतं, मूठ कशी वळते. कारण बघणारा आता त्या अंगाला उभा होता. तेवढ्यात हे आले आणि दारातच थिजले. मला हसू फुटलं. लाटणं हलायला लागलं.

"हलू नका हो अक्का," तू कागदावरची नजर न काढता म्हणालीस, "देव हलून राह्यलाय."

इतकं हसलो आपण त्या दिवशी, की आत्याबाई काठी टेकत बघायला आल्या. एवढ्या वर्षांत मी तुझ्यावर जळले नाही अशी वेळ मला आठवायची म्हटली, तर ती एक आठवते.

पुढं काय झालं तेही आठवते. दगडूदादानं गाडीभोवती फेरी मारली, त्या दुसऱ्या अंगाला आल्यावर चपला काढल्या आणि हात जोडले. मग तुला म्हणाला, "ताई, हात हाय का सोनं!" तू सांगितलंस त्याला, "दादा, हात अक्काचा हाय." खरंच सांगितलंस. पण त्याला वाटलं तू मोठ्या मनानं बोलून राहिलीस, आणि तो तुझ्यावर आणखीनच खूश झाला! केदारखेड्याच्या त्या गाडीवर देवाचा हात माझा आहे आणि नाव तुझं आहे. बाजाराच्या दिवशी ती गाडी आपल्या दारावरून जाते. परवा गेली तेव्हा दगडूदादानं तुझ्यासाठी गाडी हळू केली. माझ्याकडं त्याचं लक्षही गेलं नाही.

आता त्या भांडणाकडं येते. ते भांडण अर्ध्यात टाकून तू गेलीस आणि मला ते तसंच धरून बसावं लागतंय.

गावातल्या चार व्यापाऱ्यांनी मिळून स्वर्गरथ घेतला. आजवर मढं खांद्यावर चार कोस नेण्याची पाळी यायची, ती चुकली, पुण्याचं काम. बाहेरून झेंडूच्या माळा तुझ्या आणि 'स्वर्गरथ' ही अक्षरं माझी, असं ठरलं. काम होत आलं आणि त्या व्यापाऱ्यांच्या वतीनं बघायला आलेल्या शेठजींना तू म्हणालीस, "आतून छताला पण लावू या. लिंब. खालून वर बघितल्यावर दिसतो तसा, फांद्यांचा."

शेठजींना कळेना. "ताई, वर कोण बघते? फुकटचा खर्चा."

"ज्याच्यासाठी गाडी हाय, तो," तू म्हणालीस.

मी मोठ्यानं हसले, शेठजींच्या बाजूनं हसले. आणि तिथून आपलं सुरू झालं. मी म्हणायची, मेलेल्याला काय दिसतंय? तू म्हणायचीस, दगडाच्या देवाला तरी काय दिसतंय, मग त्याच्यापुढं दिवा कशाला लावता? भाकरी थापताना, मेथी निवडताना, कुठंही सुरू व्हायचं. शेठजींनी नाही म्हटल्यावर काम संपलं होतं, पण तू एका दुपारी लिंबाखाली पोतं अंथरून उताणी झोपलीस आणि कॅमेऱ्यानं वरचा फोटो काढलास. गाड्यांना स्टिकर लावायचा तो ह्याच सावलीत, उन्हात तापल्या पत्र्यावर त्याला फुगे येतात. म्हणजे आपलं दोघींचं सगळं आयुष्य त्या लिंबाखालीच गेलं की. येणारेजाणारे बघत होते. मी म्हटलं, "ऊठ गं, मढ्यावाणी काय पडलीस."

"बघणारा कुठून बघणार, ते बघून राह्यले."

"कुणासाठी पण? गिऱ्हाईक न्हाई म्हणालं ना?"

"तुमच्यासाठी," तू पडल्या पडल्याच म्हणालीस. "तुम्ही थोरल्या, आधी तुम्हीच जाणार. तवा मी लावीन. मंग वरून कळवा मला, दिसतंय का न्हाई ते."

"बिलकुल दिसणार न्हाई," मी म्हटलं. आपलं शेवटचं भांडण ते हेच, दर चार दिवसांनी नव्यानं. काविळीचं निमित्त होऊन तुला औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी डबा घेऊन आले होते. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू हळूच म्हणालीस, "नंबर तुमचा होता, अक्का." मी म्हटलं, "गप पड." तू चांगली आहेस, तू हुशार आहेस, तू नसलीस तर मी कुणावर जळू, यातलं काहीही म्हणता आलं असतं. तू तरी कधी माझ्या फाइलीला 'बराबर हाय' याच्या पुढं काही म्हणालीस? एकदा 'झकास' म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? मी त्या एका शब्दासाठी पडद्यापुढं डोळे फोडून घेतले, उज्ज्वला. गिऱ्हाइकांचं कौतुक मला नकोच होतं. तुझं हवं होतं.

आणि मग तो स्वर्गरथ आपल्याच दारात आला. बाहेर तुझे झेंडू, माझी अक्षरं. तुला आत सरकवलं तेव्हा मी मागच्या दाराशी होते. तुझं उसं ड्रायव्हरच्या अंगाला, पाय दाराकडं. मी एकदाच आत वाकून बघितलं. तुझ्या तोंडाच्या वर छताचा पांढरा पत्रा होता. मधोमध एक बल्ब, त्याची लोंबती वायर आणि कडेला गंजाचा पोपडा. एवढंच. मग कुणीतरी दार लावलं. बायकांनी तिथून मागं फिरायचं असतं, म्हणून मी फिरले.

मला अजूनही वाटतं की मेलेल्याला दिसत नाही. माझं मत तसूभरही बदललेलं नाही, हे तुला स्पष्ट सांगते. पण तो पत्रा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. भात वाढताना पत्रा, डोळे मिटले की पत्रा. तुझा चौदावा झाला आणि मी तुझा लिंबाचा फोटो उघडला.

स्वर्गरथाचा ड्रायव्हर रफिकभाई, तो ओळखीचाच. गाडी लिंबाखाली उभी करायला लावली, छताला वर्तमानपत्रं चिकटवली, बल्बचं भोक आणि पत्र्याचे जोड उतरवून घेतले, तुझ्यासारखेच. खडूनं बुंधा आणि मोठ्या फांद्या ढोबळ काढल्या. खाली उतरून मान वाकडी करून बघितलं. छान दिसत होतं. मग तुझं पालुपद कानात वाजलं. मी परत आत चढले आणि जिथं तुला ठेवलं होतं तिथं आडवी झाले.

"अक्का, उठा, उठा," रफिकभाई घाबरून ओरडला, "जिता माणूस तिथं झोपत न्हाई!"

"बघणारा इथून बघणार हाय, रफिकभाई," मी म्हटलं.

पाठीला लोखंड गार लागत होतं. वर बघितलं तर माझं चुकलेलं होतं. बुंधा मी पायांकडं काढला होता, त्यामुळं सगळ्या फांद्या तोंडावर कोसळल्यासारख्या दिसत होत्या. झाडाखाली निजतो तेव्हा आपण बुंध्याला डोकं करून निजतो, फांद्या उशापासून पायांकडं पसरत जातात. उभ्यानं हे जन्मात कळलं नसतं. मी तिथंच पडून राहिले थोडा वेळ. रफिकभाई बाहेर काहीतरी पुटपुटत होता. मला तुझा राग आला, की तू हे एका दुपारी पोत्यावर पडून समजून घेतलंस आणि मला त्यासाठी तुझ्या जागेवर झोपावं लागलं.

तुझा फोटो चालला नाही, हेही तुला कळू दे. मोठा केला की फुटत होता. जीपचं चित्र माणूस लांबून बघतो, तिथं ठिपके खपून जातात. इथं बघणारा दोन हातांवर, आणि गाडी हळू चाललेली. म्हणून मी पडवीतले ब्रश काढले. कागद जोडून जोडून पानं हातानं काढली. एकेक पान, त्याची करवतीसारखी कड, दोन पानांमधून दिसणारं उन्ह. मग ते कागद मशीनमधून आत घेतले, तुझ्या फोटोबरहुकूम बसवले, बल्बच्या जागी फांद्यांमध्ये आभाळाचा मोकळा तुकडा ठेवला, म्हणजे दिवा लागला की तो उन्हासारखा दिसेल. चारी बाजूंनी चार बोटं जादा ठेवली. सीडी घेऊन मी स्वतः गेले. येताना बदनापूरला उतरले. तुझ्या आईनं भाकरी वाढली आणि आम्ही दोघी जेवलो.

काल भावजींनी छत चिकटवलं. एकही फुगा आला नाही. शेठजी बघून गेले, बराच वेळ आत वाकून उभे राहिले. हे म्हणाले, "तुझा हात अजून तसाच आहे." मी यांच्याकडं बघितलंही नाही, कारण मी कॉम्प्युटरच्या खुर्चीकडं बघत होते. तिथून कुणी 'बराबर हाय' म्हणालं नाही.

जन्मभर मला वाटत आलं, की उज्ज्वलाला नाही आणि मला आहे, असं काहीतरी एक असावं. फार नाही, एकच. तू पांढऱ्या पत्र्याखालून गेलीस. मी जाईन तेव्हा माझ्या डोक्यावर लिंब असेल, बुंधा उशाशी, फांद्या पायांकडं, अगदी तू सांगितलं होतंस तसा. पहिल्यांदाच मला तुझ्यापेक्षा जास्त मिळणार आहे, उज्ज्वला, आणि ते मला घेववत नाही.